मागे काय भरणार?

टेक्ससमध्ये पिकअप ट्रक नसलेल्या माणसाला कुणी वाईट वागवत नाही. फक्त त्याच्याशी जरा हळू आवाजात बोलतात. डॅलसच्या उत्तरेला आम्ही राहतो त्या गल्लीत घरटी एक ट्रक आहे, काही घरांपुढे दोन-दोन आहेत, आणि आमच्या दारात वर्षानुवर्षं दोन करड्या, समंजस, पेट्रोल जपून पिणाऱ्या मोटारी. समोरचे आजोबा सकाळी मला हात करायचे, तेव्हा त्यात शेजारधर्मापेक्षा सहानुभूती जास्त असायची.

पण मला ट्रक हवा होता तो आजोबांच्या धाकाने नव्हे. मंडळाच्या गणपतीची सजावट माझ्या गळ्यात आहे. सजावट म्हणजे मखर, मखर म्हणजे प्लायवुड, आणि प्लायवुड इथे 4 बाय 8 फुटांच्या शीटमध्ये मिळतं. ती कुठल्याही समंजस मोटारीत जात नाही. टपावर बांधली तर हायवेवर साठचा वेग घेताक्षणी उडू बघते. हार्डवेअरच्या दुकानात तासावर ट्रक भाड्याने मिळतो खरा, पण त्या तासाभरात माल भरायचा, हॉलवर न्यायचा, उतरवायचा आणि ट्रक परत करायचा. उतरवून घ्यायला मंडळाचे कार्यकर्ते असतात. फक्त ते त्या वेळी "पाच मिनिटांत पोचतो" या ठिकाणी असतात.

तेव्हा आपला स्वतःचा ट्रक घ्यायचा, इथवर एकमत झालं. मग नवऱ्याने विचारलं, "मिडसाइज की फुल-साइज?" आणि घरात तट पडले.

फुल-साइज म्हणजे फोर्डचा एफ-150, शेव्हर्लेचा सिल्व्हराडो, रॅम 1500 ही मंडळी. फोर्डची एफ-सिरीज 1948 पासून चालू आहे आणि अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा ट्रक हा मान तिने 1977 पासून कैक वर्षं दुसऱ्या कुणाला मिळू दिला नाही. या मंडळींना लाडाने 'हाफ-टन' म्हणतात, कारण एके काळी ती अर्धा टन, म्हणजे हजार पौंड ओझं वाहायची. आज यातली बरीचशी दीड हजाराच्या वर वाहतात, तरी आकडा जुनाच सांगतात. ही सवय मला वाटायचं फक्त माणसांनाच असते.

मिडसाइज म्हणजे टोयोटाचा टकोमा, फोर्डचा रेंजर, निसानचा फ्रंटियर वगैरे. चार दारांचा टकोमा पावणेअठरा फूट लांब असतो. सदाशिव पेठेत शिरला तर दुसऱ्या दिवशी पेपरात येईल. पण टेक्ससात त्याच्याकडे बघून लोक "किती सुटसुटीत!" म्हणतात. त्याच्या शेजारी चार दारांचा एफ-150 उभा केला की तो आणखी दीड फूट पुढे जातो आणि आरसे सोडून 79.9 इंच रुंद भरतो. हा आकडा मला फार आवडला. रुंदी 80 इंच झाली की कायद्याने जास्तीचे दिवे लावावे लागतात, म्हणून बाटाच्या चपलेच्या किमतीसारखं एक दशांश आधीच थांबायचं.

आता मुद्द्याचं, म्हणजे हौद्याचं. प्लायवुडची शीट 4 फूट, म्हणजे 48 इंच रुंद. फुल-साइजच्या हौद्यात दोन चाकांवरच्या फुगवट्यांमध्ये साधारण 50 इंच जागा असते. शीट तळाशी सपाट बसते. बऱ्याच मिडसाइजमध्ये तीच जागा साधारण 44-45 इंच. शीट फुगवट्यांवर चढून बसते आणि खाली आडव्या फळ्या टाकाव्या लागतात. हे वाचून कुणालाही वाटेल, निकाल लागला, फुल-साइज घ्या. मलाही वाटलं. पण लांबी कुणी बघायची? आजकाल सगळ्यांना ट्रकमध्ये चार दारं, मागे पाय पसरून बसायची जागा आणि कप ठेवायला भोकं हवीत. मग बसणाऱ्यांची जागा वाढते आणि हौदा साडेपाच फुटांवर येतो. 8 फुटी शीट फाळका उघडा टाकूनसुद्धा बाहेर डोकावते. पुरता 8 फुटांचा हौदा हवा असेल तर बहुतेक वेळा चार दारांवर पाणी सोडायचं. म्हणजे ज्याला खरोखर लाकूड वाहायचंय, त्याने माणसं वाहू नयेत. मंडळाचं काम करताना मला हे तत्त्व आधीच पटलेलं होतं, पण सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या.

डीलरकडे आम्ही तिघं गेलो. गाडी मी घेणार, पैसे मी भरणार, हे मी दारातच सांगितलं. हॅट घातलेल्या त्या सद्गृहस्थांनी "येस मॅम" म्हटलं आणि पुढचं सगळं नवऱ्याला सांगितलं. टॉर्क नवऱ्याला सांगितला, टर्बो नवऱ्याला सांगितला, चारचाकी ड्राइव्हचं बटण नवऱ्याला दाबून दाखवलं. नवऱ्याला घाटात गाडी लागते. तो सॉफ्टवेअरवाला माणूस, त्याने फक्त पुढचा स्क्रीन किती इंची आहे एवढं विचारलं.

"आणि तुम्ही टो काय करणार?" सद्गृहस्थांनी त्याला विचारलं.

टेक्ससात हा प्रश्न आपल्याकडच्या "मूळचे कुठले?" या चालीवर विचारतात. इथे प्रत्येक जण काही तरी ओढत असतो: बोट, घोड्याचा ट्रेलर, चाकांवरचं घर, निदान गवत कापायचं यंत्र. टकोमा जास्तीत जास्त साडेसहा हजार पौंड ओढतो, एफ-150 योग्य इंजिन घेतलं तर त्याच्या दुपटीच्या घरात जातो. आम्ही आजवर मुलाला शाळेसाठी अंथरुणातून ओढलं होतं, तेवढंच. नवरा गप्प बसलेला पाहून मी म्हटलं, "गणपतीचं सामान. दहा दिवसांचा उत्सव असतो. सातशे-आठशे माणसं जेवतात."

सद्गृहस्थ पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "म्हणजे चर्चचं काम," ते आदराने म्हणाले. "मॅम, मग तुम्हाला फुल-साइजच लागणार."

आणि त्यांनी आम्हाला किंग रँच दाखवला. किंग रँच ही दक्षिण टेक्ससातली 1853 सालची रँच, 8 लाख 25 हजार एकर, ऱ्होड आयलंड राज्यापेक्षा मोठी. तिच्या नावाने फोर्ड एक खास ट्रक काढतं. आत खोगिराच्या रंगाचं चामडं, त्यावर रँचचा गुरांवर उमटवतात तो शिक्का. नवऱ्याने सीटवरून हात फिरवला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आई बसेल का यावर?"

आई कधीच बसल्या होत्या. पायरीवर पाय, दांडीला हात, "मोरया" म्हणून एक हिसका, आणि वर. मला वाटलं होतं, गुडघ्यांमुळे त्या मिडसाइजच्या बाजूने मत देतील. पण काचेतून त्यांनी खाली पाहिलं, शेजारून चाललेल्या एका महागड्या जर्मन गाडीचं टप पाहिलं, आणि त्यांचा चेहराच पालटला. "अगं, आता कळलं," त्या म्हणाल्या, "हे लोक रस्त्यात कुणाला का मोजत नाहीत ते." त्यांना खाली उतरवायला वीस मिनिटं लागली. गुडघ्यांचा काही संबंध नव्हता.

नवऱ्याचा पक्ष मिडसाइजचा, आणि त्याच्या हातात टेप होती. आमचं गॅरेज कागदावर 20 फूट खोल आहे. प्रत्यक्षात मागच्या भिंतीशी डीप फ्रीझर आहे, त्यात मटकी, ओलं खोबरं आणि मोदकांसाठी आणून ठेवलेली तांदळाची पिठी. त्याच्या शेजारी गेल्या वर्षीचं मखर, कारण "पुढच्या वर्षी उपयोगी पडेल". नवऱ्याने जमिनीवर खडूने दोन्ही ट्रकांचा आकार काढला. एफ-150 चं नाक थेट मटकीत शिरत होतं. "राहील बाहेर," मी म्हटलं. "सगळ्यांचे बाहेरच असतात."

"आणि गारा?"

इथे मात्र मी गप्प झाले. आमच्याकडे वसंतात आंबे येत नाहीत, गारा येतात. हवामान खात्याच्या सूचनांमध्ये त्यांचा आकार नाण्यांत आणि चेंडूंत सांगतात: आधी क्वार्टरएवढ्या, मग गोल्फच्या चेंडूएवढ्या, आणि ज्या वर्षी नशीब खराब त्या वर्षी बेसबॉलएवढ्या. 2015 च्या मॉडेलपासून एफ-150 ची बॉडी ॲल्युमिनियमची असते. तिला गंज चढत नाही, पण पोचे पडतात. समोरच्या आजोबांच्या ट्रकचं बॉनेट बघितलंत तर कुणी त्यावर अनारसे थापले असावेत असं वाटेल. पन्नास-साठ हजार डॉलरची वस्तू घ्यायची आणि तिच्यापेक्षा मटकीला पक्क्या छपराखाली ठेवायचं, हे आमच्या पिढीजात संस्कारांत बसेना.

मग माझ्या मनात आलं, याहून लहान ट्रकच का मिळत नाही? आपल्याकडे छोटा हत्ती अख्खा संसार गल्लीबोळातून नेतो. इथे लहान ट्रक शोधायला गेलं की हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि याचं एक कारण कोंबडी आहे. थट्टा नाही. 1960 च्या सुमाराला स्वस्त अमेरिकन कोंबड्या युरोपात जाऊ लागल्या. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी वगैरेंनी त्यांच्यावर जकात वाढवली. चिडून अमेरिकेने बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर 25 टक्के जकात बसवली. सही टेक्ससच्याच लिंडन जॉन्सन यांची, अंमल 1964 पासून. बाकीच्या मालावरची पुढे सुटली, ट्रकवरची राहिली. बाहेरचे स्वस्त, आटोपशीर ट्रक दाराबाहेरच अडले आणि इथले निवांत वाढत गेले. महिंद्राची पिकअप अमेरिकेत येणार म्हणून 2009 च्या आसपास नाशिककर नवऱ्याने मित्रांना पेढे द्यायचंच बाकी ठेवलं होतं. ती काही आली नाही. सासूबाई जन्माच्या शाकाहारी. जकातीची हकीकत ऐकून त्यांनी फक्त मान हलवली. कोंबडीपासून चांगलं काही निघेल अशी त्यांची अपेक्षाच नव्हती.

मधला मार्गही इथे एकदा करून झालाय. टोयोटाने 1990 च्या दशकात टी-100 नावाचा ट्रक काढला. लहानापेक्षा मोठा, मोठ्यापेक्षा लहान, आणि प्लायवुडची शीट हौद्यात सपाट बसेल असा. माझ्यासाठीच केल्यासारखा. गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं: व्ही-8 इंजिन नाही, दिसायला भरदार नाही. काही वर्षांत टोयोटाने तो बंद करून टंड्रा आणला, जो आता टेक्ससातच सॅन अँटोनियोला बनतो आणि भरदारपणात कुणाला हार जात नाही. माझं स्पष्ट मत असं, की ट्रक घेणारा आपल्याकडे असलेलं सामान मोजतच नाही. आपण ज्या आयुष्यात बोट, घोडा आणि एकरभर जमीन बाळगणार आहोत, त्या आयुष्याचं सामान तो मोजतो. माझी आई व्हिडिओ कॉलवर दोन्ही ट्रकांचे फोटो बघून एवढंच म्हणाली होती, "छान आहेत गं. पण मागे काय भरणार?" डीलरच्या आवारात उभ्या असलेल्या एकाही माणसाने हा प्रश्न स्वतःला विचारला असेल असं मला वाटत नाही.

शेवटी घेतला मिडसाइजच. तीन किमतींच्या साड्या पुढ्यात टाकल्या की हात आपोआप मधलीकडे जातो, त्याला आपण काय करणार? गॅरेजमध्ये मटकी न हलवता मावला. समोरचे आजोबा मुद्दाम रस्ता ओलांडून आले, भोवती एक चक्कर मारली, फाळक्यावर थाप मारली आणि म्हणाले, "नाइस लिटल ट्रक." सासूबाईंनी अर्थ विचारला. मी म्हटलं, "छान म्हणाले."

आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला द्यावंच लागलं नाही, कारण मागे काय भरायचं हे आता मंडळ ठरवतं. आपल्या दारात ट्रक आला की लोकांना आपली आठवण येऊ लागते. वर्षभर न बोललेल्या मैत्रिणी "कशी आहेस? अगदी मनात आलीस बघ" अशी सुरुवात करतात, आणि तिसऱ्या मिनिटाला सोफा निघतो. कुणाचा मुलगा कॉलेजच्या खोलीत गादी नेतोय. कुणाच्या सासूसासऱ्यांच्या बॅगा विमानतळावरून आणायच्यात. त्या उघड्या हौद्यातून आणल्या, वाटेत वळीव आला आणि दोन किलो उडदाचे पापड जागेवरच लाटीपदाला परत गेले. तरी पुढचा फोन आलाच.

परवा पेणकर काकूंचा आला. मंडपाच्या कमानीसाठी पीव्हीसीचे पाइप आणायचेत, 10 फुटी आहेत, "थोडे बाहेर आले तर चालेल ना गं?" माझा हौदा 5 फुटांचा. टेक्ससचा कायदा म्हणतो, माल 4 फूट किंवा त्याहून जास्त मागे आला तर टोकाला लाल फडकं हवं, निदान 12 इंच चौकोनी. दुकानाच्या पार्किंगमध्ये नवरा फडकं शोधत गाडीचे सगळे कप्पे उलटेपालटे करत होता. सासूबाईंनी पर्समध्ये हात घातला आणि गेल्या हळदीकुंकवाला मिळालेला लालभडक ब्लाउजपीस काढला, जो गेली कित्येक वर्षं आमच्या मंडळात या ओटीतून त्या ओटीत फिरतोय आणि कुणीही शिवलेला नाही.

"बांध," त्या म्हणाल्या. "आणि काकूंना सांग, परत मिळणार नाही."