नातेवाईक संपल्यावर

विमा कंपन्यांत सध्या मेंटॉरिंगची चलती आहे. ८ मार्चचा महिला दिन जवळ आला की हॉटेलातला हॉल ठरतो, वरिष्ठ साहेब येतात, जमलेल्या बायकांना 'स्वतःवर विश्वास ठेवा' असं सांगून जातात, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी त्याच बायकांपुढे तेच टेबल आणि तेच टार्गेट. मला या कार्यक्रमांचा राग येतो, कारण नवख्या माणसाला हाताशी धरून कसं शिकवायचं, हे विम्याच्या धंद्याला पूर्वीपासून माहीत आहे. त्याला जॉइंट कॉल म्हणतात. नवी एजंट आणि तिचा विकास अधिकारी, म्हणजे डीओ, दोघांनी मिळून ग्राहकाच्या घरी जायचं.

आता त्या घरात काय होतं ते बघा. चहा येतो. प्रपोजल फॉर्म तिच्या पिशवीतून निघतो. वय, उंची, वजन, आधीची दुखणी तीच लिहून घेते, आधार-पॅनच्या झेरॉक्स तीच मागते. पण घरमालक बोलतात ते डीओशी. 'साहेब, वीस वर्षांनी किती हातात येतील?' साहेब लगेच उत्तर देतात आणि शिकवणं तिथेच फसतं. कसलेला डीओ अशा वेळी म्हणतो, 'मॅडम सांगतील.' तिचा आकडा थोडा चुकला, तर खाली जिन्यात आल्यावर दुरुस्त करतो. पुढच्या वेळी घरमालक फोन तिला करतात.

मग येतो दुसरा प्रश्न, दबक्या आवाजात. 'पहिल्या हप्त्यात किती सोडाल? वहिनी, आपण काय परके आहोत का?' १९३८च्या विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे कमिशनातून सूट देणं बेकायदेशीर आहे आणि घेणंही. दंड १० लाख रुपयांपर्यंत आहे. पुरुष एजंटालाही हे विचारलं जातं, पण बाईला नात्याचा आणि भिडेचा पीळ देऊन विचारलं जातं. बाजूला बसलेला डीओ 'बघू, करू काहीतरी' म्हणाला, तर ती त्या दिवशी एकच धडा शिकते : आपली कमाई आपली नाही. त्याने 'नाही, कायद्यात बसत नाही' असं शांतपणे सांगितलं, तर तो एक नकार तिला वर्षानुवर्षं पुरतो.

डीओ 'बघू' का म्हणतात? त्यांचा प्रोत्साहन भत्ता त्यांच्या एजंटांनी आणलेल्या पहिल्या वर्षाच्या प्रीमियमवर ठरतो. मार्च एंडिंग त्यांच्याही मानगुटीवर असतं. म्हणून नव्या बाईला आधी यादी करायला बसवतात. या यादीला धंद्यात 'नॅचरल मार्केट' म्हणतात. मामा, आत्या, नणंद, जाऊ, भिशीतल्या बायका, मुलाच्या वर्गातल्या आया. वर्षभरात यादी संपते. साहेबांचे फोन हळूहळू कमी होतात आणि ते नवी बाई, नवी यादी शोधायला मोकळे होतात. हिच्याकडे उरतात चार लॅप्स पॉलिसी आणि लग्नकार्यात तोंड चुकवणारे नातेवाईक. मग सगळे म्हणतात, तिला जमलं नाही.

तिला जमलं नाही, हे मी मान्य करणार नाही. दुसरं वर्ष कसं काढायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपतला पंतप्रधानांनी एलआयसीची, बायकांना एजंट म्हणून तयार करणारी बीमा सखी योजना सुरू केली. वय १८ ते ७०, शिक्षण दहावी पास. स्टायपेंड पहिल्या वर्षी महिना ७,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,०००. मला ही योजना मनापासून आवडते. दहावी झालेल्या बाईच्या खात्यात शिकता शिकता दरमहा पैसे पडावेत, हे फार मोलाचं आहे. नवरा, सासू, सगळ्यांपुढे ती तो मेसेज दाखवू शकते. ती एलआयसीची नोकरदार नाही, एजंटच आहे, हे मात्र तिला पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगायला हवं.

पण उतरता आकडा बघा. पहिल्या वर्षी ८४,०००, दुसऱ्या वर्षी ७२,०००, तिसऱ्या वर्षी ६०,०००. पहिल्या वर्षाची अट २४ जणांचा विमा आणि ४८,००० रुपये कमिशन. दुसऱ्या वर्षापासून स्टायपेंड हवा, तर आधीच्या वर्षाच्या किमान ६५ टक्के पॉलिसी चालू राहायला हव्यात. ही अट योग्यच आहे, गळ्यात मारलेल्या पॉलिसी तशाही टिकत नाहीत. पण नातेवाईक संपतात ते याच सुमाराला, आणि स्टायपेंडही याच सुमाराला घटतो. खरी गरज लागते तेव्हाच हात आखडता घेतला, तर अट पुरी करायची कशी? मग ती नणंदेचा हप्ता स्वतःच्या पैशाने भरते. असं करणाऱ्या बायका प्रत्येक तालुक्यात सापडतील.

उपाय शाखेच्या कपाटातच आहे. एजंटाने काम सोडलं किंवा तो वारला की त्याच्या पॉलिसी अनाथ होतात. ऑर्फन पॉलिसी. त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. नॉमिनी बदलायचा राहिलेला, पत्ता जुना, बँक बदलल्यामुळे हप्ता बाऊन्स झालेला, मुदत संपून पैसे पडून राहिलेले. शाखाधिकाऱ्याने अशा शे-दोनशे पॉलिसी तिच्या गावाजवळच्या काढून तिच्या हाती द्याव्यात. ती दार वाजवेल ते विकायला नव्हे, अडलेलं काम करून द्यायला. ज्या घराचे अडकलेले पैसे तिने मिळवून दिले, ते घर पुढची पॉलिसी तिच्याचकडे काढेल. अनोळखी दारात उभं राहायचं कसं, हे ती अशानेच शिकेल.

आणि एक क्लेम तिच्या हातून होऊ द्या. कुणाच्या तरी घरी तेरावा झालेला असतो. मूळ बाँड सापडत नाही. मृत्यूच्या दाखल्यात नावाचं स्पेलिंग वेगळं. ३७८३ नंबरचा फॉर्म भरायचा आहे, कॅन्सल्ड चेक हवा आहे आणि त्या विधवेला स्वतःचं खातंच नाही. अशा वेळी दुसरी बाई शेजारी बसून एकेक कागद लावते, बँकेत सोबत जाते. हे काम एकदा निभावलेल्या एजंटला विमा कशाला काढायचा हे सांगताना पाठ केलेली वाक्यं लागत नाहीत.

ऑफिसातल्या बाईची अडचण वेगळी आहे, पण जात तीच. बढतीबरोबर बदली येते. मूल दहावीला, सासरे अंथरुणाला, म्हणून ती 'प्रमोशन नको' असं लिहून देते. पुढे कुणीतरी म्हणतं, 'बायकांना वर जायचंच नसतं.' हे खोटं आहे. उषा सांगवान १९८१मध्ये एलआयसीत लागल्या आणि २०१३मध्ये तिथल्या पहिल्या महिला व्यवस्थापकीय संचालक झाल्या. अ‍ॅलिस वैद्यन १९८३मध्ये न्यू इंडिया या सरकारी विमा कंपनीत लागल्या, २०१६मध्ये जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीच्या अध्यक्ष झाल्या. न्यू इंडियाच्या सर्वोच्च पदावर नीरजा कपूर यांच्यानंतर गिरिजा सुब्रमण्यन आल्या. विभा पडळकर २०१८पासून एचडीएफसी लाइफ चालवतात, त्याआधी तिथला वित्त विभाग त्यांच्याकडे होता. १९५६मध्ये स्थापन झालेल्या एलआयसीच्या सर्वोच्च खुर्चीवर मात्र आजवर एकही स्त्री बसलेली नाही.

वर जायला कुठल्या टेबलावर काम केलं, हे बघितलं जातं. मार्केटिंग, अंडररायटिंग, वित्त, शाखेचा चार्ज. एचआर आणि ऑफिस सर्व्हिसेसमध्ये पंधरा वर्षं चोख काम केलेल्या बाईला सत्कार मिळतो, शाखा मिळत नाही. पुण्यात बालेवाडीला राष्ट्रीय विमा अकादमी आहे, तिथे अधिकाऱ्यांचे अभ्यासक्रम चालतात. तिथे जायला वरून नाव पाठवावं लागतं. ते नाव ठरतं तेव्हा ती खोलीत नसते. त्या खोलीत तिच्यासाठी शब्द टाकणारा एक वरिष्ठ मला शंभर भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो. त्याने एवढंच म्हणावं : हिला घराजवळची लहान शाखा चालवायला द्या, दोन वर्षांनी बोलू.

बीमा सखींपैकी पदवीधर झालेल्यांना विकास अधिकारीपदासाठी संधी मिळेल, असं योजना जाहीर होतानाच सांगितलं गेलं होतं. पहिल्या तुकडीचा स्टायपेंड डिसेंबर २०२७च्या सुमारास संपेल. किती जणी भरती झाल्या हा आकडा दरवेळी मोठ्या अक्षरांत छापला जातो. त्याच अक्षरांत, शाखावार, तीन आकडे छापा : स्टायपेंड थांबल्यावर किती जणी टिकल्या, किती जणींच्या हाती अनाथ पॉलिसी दिल्या आणि किती जणी डीओ झाल्या.