नव्वद दिवसांनंतर कोण विचारतं?

माझ्या मावसभावाच्या मुलाने आयटीआयला फिटर ट्रेड केला, पुरी दोन वर्षं. कानस धरून धरून उजव्या तळव्यावर पडलेला घट्टा अजून हाताला लागतो. व्हर्नियर हातात दिला तर दोन शतांश मिलिमीटरपर्यंतचं माप बिनचूक सांगतो. चाकणच्या एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस होता. मग ठेकेदाराकडे सात महिने काढले, मग ब्रेक. घरी बसून काय करायचं म्हणून तीन महिन्यांचा एक मोफत सरकारी कोर्स केला. आज तो दुचाकीवरून पार्सलं पोचवतो.

दिवाळीत घरी आला तेव्हा मी विचारलं, कोर्स झाल्यावर कुणी चौकशी केली का रे? म्हणाला, "एक फोन आला होता, काका. कामाला लागलात का, एवढंच विचारलं. तेव्हा एका गोदामात लागलो होतो, म्हणून हो म्हणालो." गोदामातलं काम पंधरा दिवसांत सुटलं. त्यानंतर फोन नाही. म्हणजे सरकारदरबारी हा मुलगा आजही 'नोकरी लागलेला' आहे.

राग त्याच्यावर नाही आणि फोन करणाऱ्या मुलीवरही नाही. राग आहे तो तिथेच मोजणी थांबवणाऱ्या व्यवस्थेवर. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत नोकरी धरली जायची ती प्रमाणपत्र मिळाल्यापासून नव्वद दिवसांत लागलेली. एक्क्याण्णवाव्या दिवशी काय झालं, ते त्या आकड्यात येत नव्हतं. नव्वद दिवसांच्या आतलं तरी नीट लिहिलेलं असावं? कॅगचा जो अहवाल डिसेंबर 2025 मध्ये संसदेत आला, त्यात या योजनेच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक उमेदवारांच्या नोंदीत बँक खात्याचा रकाना शून्यांनी भरलेला किंवा कोरा निघाला.

प्रशिक्षणाला पैसा कमी पडतो, असं कुणी म्हणू नये. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने कौशल्य कार्यक्रमासाठी 8,800 कोटी मंजूर केले. त्याच वर्षी मे महिन्यात आयटीआयच्या सुधारणेसाठी 60,000 कोटींची योजना आली. आपल्या राज्यात 2024 च्या जुलैत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली, 5,500 कोटींची. बारावी पासला महिना 6,000, आयटीआय आणि पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. आधी सहा महिने, मग मुदत वाढवून अकरा. मुदत संपली तेव्हा पोरं कायम करा म्हणत रस्त्यावर उतरली. त्या अकरा महिन्यांत कोण काय शिकलं, कुठल्या कार्यालयात नुसत्या झेरॉक्स काढून घेतल्या, बाहेर पडल्यावर कुणाला त्या अनुभवाचे दोन पैसे जास्त मिळाले, हे कुणी बाहेरच्या माणसाने शोधायला नको? 5,500 कोटींतला शेकडा एक रुपया म्हणजे 55 कोटी. एवढ्या पैशांत काही हजार मुलांचा दहा वर्षं माग ठेवता येतो.

माग ठेवणं म्हणजे काय, ते आपल्याच मातीत होऊन गेलंय. 1975 साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने सहा गावं निवडली. त्यातली चार महाराष्ट्रातली: सोलापूरकडची शिरापूर आणि कलमण, अकोल्याकडची कानझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावात चाळीस घरं, तीस शेतकऱ्यांची आणि दहा भूमिहीन मजुरांची. अन्वेषक गावातच राहायचा. तीन-चार आठवड्यांनी तीच घरं, तेच प्रश्न: कुठे कामाला गेलात, किती दिवस, मजुरी काय मिळाली, बायकांना किती, पुरुषांना किती. कागदी सर्वेक्षण करणारा पाहुणा एका दुपारी येतो आणि जातो. इथे तोच माणूस सुगीलाही भेटायचा आणि भर उन्हाळ्यात हाताला काम नसायचं तेव्हाही.

त्या वह्यांतून काय निघालं, त्याचं एकच उदाहरण देतो. रोजगार हमी योजना (रोहयो) ही महाराष्ट्राची देणगी, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेली. तिच्यावर कायमचा आक्षेप असा की मजूर हातातलं दुसरं काम सोडून तिथे जातो, मग सरकारी मजुरीचा त्याला खरा फायदा किती? वाद घालून याचं उत्तर कधीच मिळालं नसतं. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन या अर्थशास्त्रज्ञांनी शिरापूर आणि कानझऱ्याच्या नोंदी उघडल्या. रोहयोवर जाण्याआधी तो माणूस आणि त्याच्या घरचे कशात वेळ घालवत होते, हे तिथे लिहून ठेवलेलं होतं. सोडावी लागलेली कमाई मिळालेल्या मजुरीच्या मानाने कमी होती, हे त्यातून दिसलं. भूमिहीनाच्या दारात कुणीतरी वही घेऊन बसत होता, म्हणून हे कळू शकलं.

आणि मग 1985 च्या सुमारास गावांत नोंदी ठेवण्याचं ते काम थांबलं. पुन्हा सुरू झालं 2001 मध्ये. मधली वर्षं कोणती, ते बघा. 1991 त्यातच येतं. बाजार उघडला, गावातली पोरं पुण्या-मुंबईच्या वाटेला लागली, मजुरीचे दर आणि मजुरीच्या जागा बदलल्या. नेमक्या त्याच काळात त्या घरांच्या दारांत कुणी नेमाने गेलं नाही. ती सोळा वर्षं आता कितीही पैसे ओतले तरी परत लिहिता येणार नाहीत. अमेरिकेत 1979 साली 14 ते 22 वयाच्या 12,686 मुलामुलींची यादी केली आणि त्यांना आजतागायत विचारत आलेत; ती मुलं आता साठीत आहेत. असं आपल्याला जमणार नाही म्हणणाऱ्याने कानझऱ्याला जाऊन यावं.

आत्ता पुन्हा तशीच वेळ आहे. कारखान्यात रोबो आलाय, ऑफिसात एआय आलंय, इंजिनवाल्या गाड्यांच्या जागी बॅटरीच्या येताहेत. बॅटरीच्या गाडीला ना क्लच, ना सायलेन्सर, ना कार्ब्युरेटर. तालुक्याच्या स्टँडसमोर ग्रीसने माखलेल्या हातांनी इंजिन खोलणाऱ्या मिस्त्रीचं आणि त्याच्या हाताखाली पाने देणाऱ्या पोराचं पुढच्या दहा वर्षांत काय होणार, हा मला या घडीचा सर्वांत मोठा प्रश्न वाटतो. 2023-24 च्या आर्थिक पाहणी अहवालात 15 ते 29 वयोगटातल्या फक्त 4.4 टक्के तरुणांनी रीतसर व्यावसायिक प्रशिक्षण घेतल्याचं म्हटलंय; बापाकडे, मामाकडे, वस्तादाकडे असं अनौपचारिक शिकलेले 16.6 टक्के. जवळजवळ चौपट! देशातली खरी आयटीआय त्या गॅरेजात, शिवणाच्या दुकानात, सुताराच्या पडवीत भरते. तिथे शिकवतात कसं, शिकायला किती वर्षं लागतात, मुलींना तिथे शिरकाव का नाही, यावर आपण संशोधनाला किती पैसे देतो? विद्यापीठातली एखादी मुलगी या विषयावर पीएच.डी. करते, फेलोशिप रखडली की उधारीवर गावं फिरते.

हा पैसा योजना चालवणाऱ्या खात्याच्या हातात मात्र नको. आपलीच योजना फसली, असं कुठलं खातं लिहून देईल? 1969 मध्ये समाजविज्ञान संशोधनासाठी आयसीएसएसआर उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते आणि सदस्य-सचिव शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. गाडगीळांनी त्याआधीच पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करून घेतली होती. असं स्वतंत्र मंडळ राज्याने करावं, त्याला शेकड्यातला तो एक रुपया कायद्याने बांधून द्यावा आणि अहवाल खात्याच्या टेबलावर अडकू न देता छापावा. नावं गुप्त राहावीत, आकडे सगळ्यांना मिळावेत.

माणसंही दूर शोधायला नकोत. आयटीआयमधून निवृत्त झालेले शिल्प निदेशक जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. वीस वर्षांपूर्वीच्या बॅचमधला कोण कुठल्या शॉपवर आहे, कुणी लेथ सोडून चहाची गाडी टाकली, हे त्यांना तोंडपाठ असतं. माझ्या या पुतण्याचे सर अजून त्याला फोन करतात. सरांना मानधन द्या, एक वही द्या, आणि दर सहा महिन्यांनी तोच फोन करायला सांगा.