माले बी एक कॉपी

रोलच्या कॅमेऱ्याचे वकील हल्ली पुन्हा दिसू लागलेत आणि त्यांचा युक्तिवाद ऐकला की पक्षकाराचीच कीव येते. फिल्मचे रंग म्हणे उबदार असतात. आता उबदारपणाचं जळगाव-धुळ्याच्या माणसाला कुणी सांगू नये. ब्लॅक अँड व्हाइट रोल धुवायला डेव्हलपर साधारण 20 अंशांवर लागतो. मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला असताना आमच्याकडे 20 अंशांखालची जागा म्हणजे फक्त फ्रिज आणि तो आधीच ताकाने आणि आमरसाने अडवलेला असतो. द्रावण फार गरम झालं तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडून सुरकुततो, म्हणजे नवरी बोहल्यावरच साठीची दिसते. रंगीत रोलला 38 अंश लागतात. चला, टाकीचा नळ सोडला की काम झालं असं वाटावं, तर भर दुपारी त्या पाण्यातही बर्फच टाकायची वेळ. तेव्हा रोलच्या आठवणीने गहिवरण्याआधी डार्करूममध्ये बनियनवर उभ्या राहिलेल्या फोटोग्राफरचं मत घ्यावं. डिजिटल आल्यावर त्याने पेढे वाटले असतील.

तरीही रोलच्या बाजूने बोलण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि नेमकी तीच हे वकील मांडत नाहीत. रोलचा गुण फोटो काढण्यात नव्हता, वाटण्यात होता. 35 एमएमच्या रोलमध्ये 36 फोटो. त्याआधीच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीमध्ये तर रोलला 12. एवढ्यात घरचं वर्ष बसवायचं, म्हणजे गणपतीला टाकलेला रोल दिवाळी, बारसं आणि आखाजी पाहून मगच कॅमेऱ्यातून बाहेर यायचा. उरलेले दोन संपवायला मग गोठ्यातली म्हैस आणि शेजाऱ्यांची नवी राजदूत. हुशार माणूस सुरुवातीची फिल्म बेताने गुंडाळून 36 च्या रोलात 37 वा फोटो बसवायचा, आणि हा फुकटचा फोटो हमखास अर्धा जळालेला यायचा. त्यात ज्या काकांचं डोकं गेलं, ते काका तो रोल कायमचा लक्षात ठेवायचे. धुऊन आलेली निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली की आजोबांचे केस काळेभोर आणि नातवंडांचे पांढरेशुभ्र. त्या भुतावळीतून माणसं ओळखायची, पट्टीवरचे नंबर कागदावर उतरवायचे आणि कोणाला कोणत्या नंबरच्या किती कॉप्या, याची यादी करायची. ही यादी म्हणजे सगळ्या गोष्टीचा गाभा. "माले बी एक कॉपी देजो, भाऊ," असं एखादी आत्या म्हणाली की त्या फोटोवर निकाल लागलेला असायचा. कारण कॉपीला पैसे पडायचे आणि आत्या विनाकारण पैसे खर्च करणाऱ्यांतली नव्हती.

आता याच्याशेजारी आजची भरीत पार्टी ठेवून पाहा. हिवाळ्यात खानदेशातल्या कुठल्याही मळ्यात काडीकचऱ्यावर वांगी भाजायला घातली की वांग्यांपेक्षा फोन जास्त बाहेर येतात. वांगं भाजताना, सोलताना, बडगीत कुटताना, ताटात पडल्यावर आणि संपल्यावर, असे सगळ्यांचे मिळून दोनशे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर येतात. त्याखाली पंधरा अंगठे उमटतात. अंगठा दाखवणाऱ्यांपैकी किती जणांनी फोटो उघडला, हे त्या फोनलाच ठाऊक. आणि चार दिवसांनी त्यातला एकच फोटो पाहायचा म्हटला, तर गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली तो सापडत नाही. वाटायला काहीच पडत नाही म्हणून सगळं वाटलं जातं, आणि सगळंच वाटलं म्हणून काही पोहोचत नाही. खापरावरच्या पुरणपोळीचंच घ्या. दोन्ही हातांवर खेळवत खेळवत ती पोळी कोपरापर्यंत पसरते आणि एका झटक्यात उलट्या खापरावर जाते. त्या झटक्याच्या आधीचा क्षण एकच असतो. रोलवाला त्यासाठी चुलीच्या धुरात डोळे चोळत थांबायचा. फोनवाला धडाधड तीस काढतो, तीसही पाठवतो आणि निवडायचं काम पाहणाऱ्यावर सोडून जेवायला बसतो.

खानदेशात या मुद्द्याला साक्षीदार बाहेरून आणावा लागत नाही. चाळीसगावचे केकी मूस (1912–1989) इंग्लंडात कलेचं शिक्षण घेऊन परतले आणि स्टेशनजवळच्या आपल्या घरात शिरले, ते जवळजवळ पन्नास वर्षं बाहेर पडलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. पंजाब मेलने प्रेयसी येईल म्हणून ते रोज वाट पाहत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल तर रेल्वेच्या टाइमटेबलवर इतका विश्वास ठेवणारा दुसरा प्रवासी सापडायचा नाही, आणि हा तर प्रवासीही नव्हता. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यातून अख्खं निसर्गदृश्य उभं करायचं आणि त्याचा फोटो घ्यायचा, हा त्यांचा हातखंडा. माणूस घरात आणि छायाचित्रं देशोदेशीच्या प्रदर्शनांत, अशी त्यांची विभागणी होती. बक्षिसंही टपालाने घरपोच. आज जगभर फोटो पाठवायला आपल्याला टेबलावरून उठावं लागत नाही. मूसही उठत नव्हते. फरक इतकाच की ते पाठवायच्या आधी त्या टेबलाकडे बराच वेळ पाहत बसायचे.

यावर कोणी म्हणेल, कागद जळतो, पावसाळ्यात अल्बमची पानं एकमेकांना चिकटतात, निगेटिव्हला बुरशी लागते. फोनमधलं मात्र ढगात सुखरूप असतं. याचं उत्तर भुसावळच्या मातीत आहे. मेजर रॉबर्ट गिल हा ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याची चित्रं उतरवायला नेमलेला माणूस. 1844 मध्ये नेमणूक झाली आणि पुढची कित्येक वर्षं वटवाघळं आणि हिवताप यांच्या संगतीत त्याने मोठमोठी तैलचित्रं रंगवली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली आणि लावलेली चित्रं गेली. पण याच गिलने मधल्या काळात कॅमेराही हाताळला होता आणि त्याने काढलेले लेण्यांचे फोटो 1864 मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या पुस्तकात आले. ते आजही पाहता येतात. चित्र एकेकच होतं, ते गेलं. फोटोच्या कॉप्या वाटल्या गेल्या होत्या, त्या राहिल्या. गिल 1879 मध्ये वारला आणि भुसावळला पुरला गेला. ढगात ठेवलेला फोटो सुखरूप असतो हे खरं, पण पासवर्ड आठवणारा माणूसही सुखरूप असावा लागतो.

दुसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. रोलच्या काळात फोटो ज्याला परवडे त्याचाच निघे. धुळ्याच्या गल्ल्यांत आणि तापीकाठच्या खेड्यांत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे आजीचा आयुष्यातला एकुलता एक फोटो कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला असतो. हार घातलेल्या त्या फ्रेममध्ये आजीच्या उजवीकडे एक अनोळखी खांदा असतो. खांद्याचा मालक कोण, हे घरात कोणालाच सांगता येत नाही, पण सर्वपित्रीला त्यालाही गंध लागतं. आज शेतात निंदणीला आलेल्या बाईचेही नातवाच्या फोनमध्ये शंभर फोटो आहेत, ही गोष्ट रोलच्या सगळ्या गुणांवर भारी आहे. ती परत घ्यावी असं कोणी शहाणा म्हणणार नाही. माझी तक्रार शंभर निघण्याबद्दल नाहीच. त्या शंभरांतला भिंतीवर एकही का नाही, एवढंच विचारायचं आहे. फोन फुटला की नातू नवा घेईल, आणि फ्रेम करायची वेळ आली की पुन्हा आधारकार्डावरचा फोटो मोठा केला जाईल. ज्यांनी तो कधी मोठा करून पाहिला आहे, त्यांना अनोळखी खांदा परवडला असं वाटेल.

मग पुन्हा रोलच वापरावा का? हौस असेल तर जरूर वापरावा. 2024 मध्ये पेंटॅक्सने नवाकोरा रोलचा कॅमेरा बाजारात आणला, म्हणजे हौशी कमी नसावेत. तो फ्रेम अर्धी करून 36 च्या रोलात 72 फोटो बसवतो. आमच्या 37 व्या फोटोवाल्यांना जपानने दिलेली ही मानवंदनाच. पण रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून खर्च आता सहज हजाराच्या पुढे जातो. साध्या कॅमेऱ्याने म्हणजे एका क्लिकला डझनभर केळ्यांच्या आसपास. आणि एवढं करून ही मंडळी करतात काय, तर स्कॅन केलेले फोटो त्याच फोनवर टाकतात, त्याच अंगठ्यांसाठी. ज्या गुणासाठी रोल घ्यावा तो गुण स्कॅनरपाशीच सांडतो. कोडॅकच्याच प्रयोगशाळेत 1975 मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा तयार झाला आणि 2012 मध्ये कोडॅकनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीला आपला खरा धंदा कॉप्यांचा आहे हे कळलं नव्हतं, असं म्हणायला जागा आहे. निदान आपल्याला तरी कळावं.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत माळ्याबरोबर फोनही काढा. वर्षाचे फक्त 36 निवडा. फारच जीव तुटत असेल तर 37. गावातल्या फोटो स्टुडिओत त्यांच्या कॉप्या काढायला टाका, आणि आत्याला विचारून तिच्यासाठी एक जास्त. मागे नाव, गाव आणि तारीख लिहा. तेवढं लिहिताना बॉलपेन दाबू नका, वळ पुढच्या चेहऱ्यावर उमटतात.