नोकरदारांसाठी एमबीए : अर्ज भरण्यापूर्वी वाचावे

हुद्द्यात ‘सीनियर’ हा शब्द आलेला, गृहकर्जाची निम्मी मुदत शिल्लक, आणि आपल्यापेक्षा वयाने लहान माणूस आपला साहेब झालेला. ही तीन लक्षणे एकत्र दिसली की एक्झिक्युटिव्ह एमबीएचा अर्ज भरायला हरकत नाही. दोनच असतील तर वर्षभर थांबावे, तिसरे आपोआप येते.

प्रथा तशी जुनी आहे. शिकागो विद्यापीठाने १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, नोकरदार अधिकाऱ्यांसाठी असा पहिला अभ्यासक्रम काढला. मुंबईत जमनालाल बजाज संस्था १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने निघाली, आणि तिथले तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम करून कितीतरी मॅनेजर घडले. या संध्याकाळच्या प्रकारात एक सुख आहे, ते माहितीपत्रकात छापत नाहीत. सगळी मुंबई विरारकडे लोटलेली असते तेव्हा उमेदवार उलट्या दिशेने, चक्क खिडकीशी बसून, चर्चगेटला जातो. फायनान्स डोक्यावरून गेले तरी या जागेसाठी लोक तिसऱ्या वर्षापर्यंत टिकतात.

दुसरा प्रकार शनिवार-रविवारचा. चाकण-भोसरीकडच्या उमेदवाराने तो विचारपूर्वक घ्यावा. तिकडे बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि प्राध्यापक यायचे शनिवारी. शिफ्ट बदलून घ्यावी लागते, रजा गहाण पडतात, आणि हाती उरतो तो गुरुवार. बायको कामावर, मुले शाळेत, घर शांत. या एकांतात केस वाचून होतील असा अंदाज असतो. झोप होते.

नोकरी सोडून वर्षभर अहमदाबादला जाऊन राहणे हा शूरांचा मार्ग असून तो या मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही.

अर्जाआधी माहितीपत्रकाचे शेवटचे पान मात्र वाचावे. आयआयएम पूर्वी पदविका देत. २०१७ च्या कायद्याने त्यांना पदवी देता येऊ लागली. म्हणून त्यांच्या नावाने चालणारा प्रत्येक वर्ग पदवी देतो असे नाही, काही नुसते प्रमाणपत्र देतात. हा फरक तुम्हाला कळला नाही तरी बारशाला भेटणाऱ्या काकांना बरोबर कळतो.

आता घरची परवानगी. वाटाघाटींच्या पेपरात फिशर आणि युरी यांचे १९८१ चे पुस्तक हटकून येते. बोलणी फिसकटली तर आपल्यापाशी दुसरा कोणता पर्याय आहे, हे आधी ठरवून मगच बोलायला बसावे, असे ते सांगतात. नवऱ्यापाशी दुसरा पर्याय नसतो. त्यामुळे त्याने फीचा आकडा आधी सांगावा. त्या धक्क्यात दोन वर्षांचे शनिवार-रविवार चर्चेला न येताच मंजूर होतात. पुढे ते जेव्हा ध्यानात येतात तेव्हा पहिला हप्ता भरलेला असतो. बँकेचे शैक्षणिक कर्ज काढले असेल तर व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, हेही हळूच सांगावे. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, हे विचारल्यास सांगावे.

या व्यवहारात खरा भांडवलदार कोण, हे कोणत्याच ताळेबंदात येत नाही. मुलाचा विज्ञान प्रकल्प, सासऱ्यांची मोतीबिंदूची तपासणी, सोसायटीची मीटिंग, गॅसचा नंबर, हे सगळे दोन वर्षे दुसऱ्या खात्यावर वळते होते. ‘संधीची किंमत’ हा धडा पहिल्याच सत्रात असतो. तो घरी मोठ्याने वाचू नये.

उमेदवार बाई असेल तर वरचा परिच्छेद उलटा करून वाचायचा, असे कोणी समजू नये. तो उलटत नाही. तिचे काम कुठल्याच खात्यावर वळते होत नाही. ती शनिवारी पहाटे उठून दोन वेळचा स्वयंपाक करून लेक्चरला येते, आणि ‘टाइम मॅनेजमेंट’वर तिला व्याख्यान देणारा प्राध्यापक डबा बायकोने भरलेला आणतो. तिला देण्याजोगा सल्ला या लेखकाकडे नाही. तिच्या नवऱ्याला देण्याजोगे बरेच आहेत, पण तो हे वाचत नाहीये.

ऑफिसात काय सांगावे? कंपनी फी भरणार असेल तर बॉण्ड लिहून घेते, आणि मग पदवी आल्यावर जिथून पळायचे होते तिथेच राहावे लागते. फी स्वतः भरली तर साहेबाला संशय येतो की हा आता जाणार. मधला मार्ग म्हणजे काहीच न सांगणे आणि मीटिंगमध्ये अचानक ‘व्हॅल्यू चेन’ म्हणू लागणे. तेवढ्यावर ओळखतात.

वर्गात बोलण्याला गुण असतात. म्हणून जो तो बोलतो. वीस वर्षे विक्री केलेला माणूस पोर्टरच्या १९७९ च्या पाच शक्ती ऐकून ‘आमच्याकडे हे असंच आहे, सर’ एवढे म्हणतो. त्यालाही अर्धा गुण मिळतो. डबेवाल्यांची केस तर यायचीच. हार्वर्डने ती २०१० साली लिहिली, आणि आता दादरचा माणूस डॉलर मोजून शिकतो की डबा वेळेवर कसा पोचतो. ग्रुप प्रोजेक्टमध्ये पाच जण असतात. एक काम करतो, एक स्लाइडचा रंग बदलतो, एक कायम विमानतळावर असतो, एक ‘ग्रेट वर्क टीम’ लिहितो. पाचव्याचे नाव शेवटच्या रात्री विचारून घ्यावे, मुखपृष्ठावर टाकायला लागते.

दीक्षान्ताचा झगा भाड्याचा असतो, फोटो झाल्यावर परत करावा.

त्यानंतरचा टप्पा सर्वांत नाजूक : घरी पुन्हा रुजू होणे. दोन वर्षांत वायफायचा पासवर्ड बदललेला असतो, दूधवाला बदललेला असतो, आणि शनिवारचा बेत तुमच्याशिवाय ठरायची सवय सगळ्यांना लागलेली असते. कारभार सुरळीत चाललेला दिसेल. तो सुधारण्याची सूचना करू नये. फ्रिजवर चार चौकोन काढून घरखर्चाची वर्गवारी करू नये. दुभती गाय आणि कुत्रा कोण, हा प्रश्न लगेच निघतो. पहिले सहा महिने प्रोबेशन समजावे, पिशवी घेऊन मंडईत जावे आणि यादीत जे लिहिले असेल तेवढेच आणावे.