रडण्याचा रियाज

झाशीत दतिया गेटच्या आत एका मराठी घरात सध्या टीव्हीच्या गाण्याच्या स्पर्धेची तयारी जोरात आहे. मुलगा बरा गातो, पण ते महत्त्वाचं नाही. अडचण अशी की घरात दुःखच नाही! वडील रेल्वेत, पगार वेळेवर. आई शाळेत. आजी ठणठणीत, आणि त्याबद्दल हल्ली तिला सारखे टोमणे ऐकावे लागतात.

चॅनेलवाल्यांना ‘स्ट्रगल’ लागतो. मग बैठक बसली. घर गळतं असं सांगू, काका म्हणाले. (गळतंच, पण ते पावसाळ्यापुरतं.) राणीचं गाव आहे, तर धाकट्या भाच्याला पाठीशी बांधून गायलं तर, ही आत्याची सूचना भाच्याच्या वजनामुळे बारगळली. ‘नातवाच्या शिकवणीसाठी आजोबांनी पेटी विकली’ हे मात्र एकमतानं मंजूर झालं. आजोबांनी जन्मात रद्दीखेरीज काही विकलेलं नाही. आता आई रोज दिवेलागणीला आरशासमोर डोळे पुसण्याचा सराव करते. उजवा डोळा चटकन लागतो, डावा अजून बेसूर आहे. गंगाधररावांसारखा नाटकवेडा राजा होऊन गेलेल्या शहरात एवढं तर जमायलाच हवं.

पेटीचंही नशीबच. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं, आणि आता टीव्हीवाले आत घेतात ती विकलेली असली तरच. आकाशवाणीचं ऑडिशनही अगदीच कोरडं. परीक्षक मंडळ ध्वनिमुद्रण ऐकणार आणि बी, बी-हाय, ए, टॉप अशी श्रेणी देणार. कुठे आईचा चेहरा नाही, आजोबांचा फोटो नाही. बा. वि. केसकर १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी नावाजलेल्या गवयांनाही परीक्षेला बसवलं. मंडळावर श्रीकृष्ण रातंजनकरांसारखा पंडित होता, तरी कित्येकांनी बहिष्कार घातला. बिचाऱ्यांना वाटलं, गाणं तपासणं हाच अपमान. गाणं न तपासण्याची सोय तेव्हा निघालेली नव्हती.

वेशीबाहेरचा रस्ता ज्या दतियाला जातो, तिथल्या दरबारात कुदऊसिंग पखवाज वाजवत. त्यांच्यावर म्हणे मस्तवाल हत्ती सोडला होता; त्यांनी परण वाजवली आणि हत्ती जागीच शांत झाला. आख्यायिका खरी असेल तर याहून चोख परीक्षक हिंदुस्थानात झाला नसेल. त्यानं घरची परिस्थिती विचारली नाही, उठून मिठी मारली नाही (मारली असती तर पंचाईत होती), आणि निकाल जाहिरातीनंतर सांगतो असंही म्हणाला नाही.

आमच्या या कलाकाराचे मास्तर एकदा भीतभीत म्हणाले, तार सप्तकात आवाज फाटतोय, थोडं बसू या का. घरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. फाटू दे, वडील म्हणाले, तिथेच तर बासरी वाजते.

बॅग भरून झाली आहे. विरलेला सदरा नवा घेतला, साडेसातशे रुपयांना. गाणं कुठलं म्हणायचं ते गाडीत बसल्यावर ठरवू, असं काकांचं मत पडलं.