रोमकर

काशीयात्रा करून आलेला मनुष्य पूर्वी मावंदे घालीत असे आणि यात्रेची वर्णने ऐकून घेणाऱ्या आप्तेष्टांचे ऋण त्या एका पंक्तीत फेडून मोकळा होत असे. परंतु रोमची यात्रा करून आलेल्या मनुष्याने श्रोत्यांस काय द्यावे याविषयी धर्मशास्त्राने मौन धारण केलेले असल्यामुळे, या वर्गातील गृहस्थ काही देत तर नाहीतच, उलट आपल्याच घरी येऊन, आपलाच चहा पिऊन, आपल्यालाच दीड तास भग्नावशेष ऐकवून जातात. असा एक तरी गृहस्थ हल्ली प्रत्येक सोसायटीत आढळतो. कळव्याच्या आमच्या इमारतीत जे आहेत त्यांचे खरे आडनाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ते परत आल्यावर महिन्याच्या आतच त्यांचे 'रोमकर' असे नामांतर सर्वानुमते झाले, आणि तो ठराव दप्तरी दाखल नसला तरी त्याची अंमलबजावणी मात्र तत्काळ सुरू झाली.

पस्तीस वर्षे एका कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी फंडाच्या रकमेतून, यात्रा कंपनीच्या छत्रछायेखाली, सपत्नीक आणि बाकरवडीच्या चार पुड्यांसह, ग्रीस व इटली हे दोन देश बारा दिवसांत हातावेगळे केले. हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण त्यांनी तिकडचे अवशेष पाहिले ते प्रलंबित प्रकरणे पाहावीत तसे: सन, मोजमाप, बांधणाऱ्याचे नाव, सद्यःस्थिती, आणि खाली सही म्हणून स्वतःचे एक छायाचित्र. पार्थेनॉनच्या खांबांचे सौंदर्य त्यांना कितपत भावले हे कळण्यास मार्ग नाही. मात्र त्याचे काम इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये सुरू झाले, आणि १६८७ मध्ये तुर्कांनी त्यात साठविलेल्या दारूगोळ्यावर व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा पडून छप्पर उडाले, हा तपशील ते पंचनामा वाचून दाखविल्याच्या निर्विकार स्वरात सांगतात.

ज्ञान नुसते साठवून ठेवणाऱ्यांपैकी रोमकर नव्हेत. ते लगेच लागू करतात. सकाळी कळवा स्थानकावर ठाण्याकडे जाणारी गाडी येते, जलद गाड्या आपल्याला तुच्छ लेखून निघून गेल्याचे शल्य उरात बाळगणारा समस्त जनसमुदाय तिच्यावर तुटून पडतो, आणि त्या रणधुमाळीत कोपर फासळीत रुतलेल्या अवस्थेतही रोमकर आपल्याला ऐकवितात, "सन ८० साली टायटस बादशहाने कोलोसियम खुले केले, त्याला दरवाजे किती? ऐंशी! त्यांतल्या शहात्तरांवर क्रमांक कोरलेले! ज्याने त्याने आपल्या क्रमांकाने आत जायचे!" एवढ्यात लोंढा त्यांना, कोणताही क्रमांक न विचारता, डब्यात नेऊन सोडतो.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तर त्यांचे पांडित्य विशेष बहरते. गच्ची गळते म्हणून वरच्या मजल्यावरील सभासदाने तक्रार मांडली, तेव्हा रोमकरांनी शांतपणे उठून सांगितले की, पँथिऑनच्या त्रेचाळीस मीटर व्यासाच्या घुमटास तर शिरोभागी मुद्दामच मोठे भोक ठेवलेले आहे, त्यातून पाऊस थेट आत पडतो, आणि खालच्या फरशीस उतार व छिद्रे ठेवून त्या पाण्याचा बंदोबस्त केलेला आहे. सबब वरच्या खोलीच्या फरशीस उतार देण्याची तजवीज व्हावी. पुनर्विकासाचा विषय निघाला, तेव्हा आमची पस्तीस वर्षांची इमारत रोमच्या हिशेबाने अद्याप ओलीच आहे, असे मत त्यांनी नोंदविले.

त्यांच्या पत्नीच्या आठवणी निराळ्या आहेत. सर्कस मॅक्सिमस म्हणून जिथे नेले, ते म्हणजे एक लांबट गवताळ मैदान होते, एके काळी तिथे रथ धावत असतीलही, पण त्या दिवशी लोक कुत्री फिरवीत होते, आणि हे मात्र टोपी काढून अर्धा तास उन्हात उभे होते, असे त्या सांगतात. प्रवासखर्चाचा विषयही त्यांच्या दरबारात अद्याप निकालात निघालेला नाही.

परवा एका मुंजीसाठी आम्ही तिघे कल्याणला निघालो होतो. पारसिकच्या डोंगराला वळसा घालून गाडी मुंब्र्याकडे वळली, रोमन रस्त्यांचे प्रकरण उघडण्याच्या बेतात असलेल्या रोमकरांना मी प्रथमच अडविले, आणि म्हटले, "इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची सागरी माहितीपुस्तिका लिहिली, तीत आपल्या कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' असा आहे. पुढे सत्ताबदल झाला, बंदरावर निर्बंध आले, आणि चुकून एखादे ग्रीक जहाज तिथे लागलेच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला रवाना करीत असत. कार्ल्याच्या लेण्यात तर दान देणाऱ्या यवनांची नावे खांबांवर कोरलेली आहेत."

रोमकर दिवा स्थानक येईपर्यंत गप्प होते. मग त्यांचा चेहरा, मंजूर झालेले बिल हाती आल्यासारखा, उजळला. "म्हणजे ते आधी आपल्याकडे येऊन गेले होते!" पत्नीकडे वळून ते म्हणाले, "ऐकलंस? आपण गेलो ती परतभेट होती. कुणी आपल्या दारी येऊन गेल्यावर उलट जायला नको का?"

बाई काही बोलल्या नाहीत. मीच उत्साहाने सुचविले, "मग मुंज आटोपल्यावर खाडीकडे, दुर्गाडीपर्यंत जाऊन येऊ या. जहाजे त्याच पाण्यातून आली असतील."

रोमकरांनी माझ्याकडे अपार करुणेने पाहिले. "कल्याणला? तिथे आता काय आहे हो पाहण्यासारखे? काहीसुद्धा शिल्लक नाही."

"नसेल," खिडकीबाहेर पाहत बाई म्हणाल्या, "पण एखादे मैदान तरी असेल."