जिना कुठाय?

रात्री अकरा वाजून गेल्यावर रांजणगाव एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटते आणि कंपनीच्या बसमधून उतरलेली पोरं शिरूरला घरी जायच्या आधी चहाच्या टपरीवर टेकतात. एका शनिवारी तिथं वाद पेटला होता. विषय होता इंग्लंडमधल्या बॉर्नमथ या फुटबॉल क्लबाचा प्रशिक्षक इराओला. त्याला मोठा क्लब झेपेल का?

"बारक्या क्लबात चालतंय त्याचं. तिथं हरला तरी कोण विचारतंय?" एकजण म्हणाला.

"आरं, पण पैसा नसताना टीम कशी पळवतोय बघ की."

"पळवंल. मोठ्या खेळाडूंनी ऐकलं पाहिजे ना त्याचं!"

बॉर्नमथच्या मैदानावर अकरा हजारांच्या आसपास माणसं मावतात. आपल्याकडे यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीला घाटात याहून जास्त गर्दी होते. तेवढ्या क्लबाच्या माणसाची पोरांना खडान्‌खडा माहिती होती, याचं मला कौतुक वाटलं. पण त्या प्रश्नाचा राग आला. "झेपेल का?" हे कायम खालून वर जाणाऱ्यालाच विचारतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून पुण्याच्या कॉलेजात गेलेल्या आमच्या प्रत्येक मुलाने पहिल्या आठवड्यात हा प्रश्न कुणाच्या तरी डोळ्यांत वाचलेला असतो. वर बसलेल्यांना उलटून कुणी विचारत नाही, की बाबांनो, हा माणूस तुम्हाला झेपेल का?

ही पोरं ज्या रांजणगावात राबतात, तिथला फियाटचा कारखाना सगळ्या तालुक्याला माहीत आहे. फियाट ज्या आन्येली घराण्याची म्हणून ओळखली जाते, त्याच घराण्याकडे १९२३पासून इटलीतला युव्हेंटस क्लब आहे. २०२४मध्ये बोलोन्या या मधल्या फळीतल्या क्लबाला थियागो मोत्ताने पाचव्या क्रमांकावर नेलं आणि तो क्लब जवळजवळ साठ वर्षांनी युरोपच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत पोचला. युव्हेंटसने त्याला लगेच उचललं. मार्च २०२५मध्ये, जेमतेम नऊ महिन्यांत, त्याला काढून टाकलं. लोक म्हणाले, बघा, झेपलं नाही. नऊ महिन्यांत आडसाली ऊससुद्धा तोडणीला येत नाही.

आता दुसरा माणूस घ्या. ॲलेक्स फर्ग्युसनची सुरुवात १९७४मध्ये ईस्ट स्टर्लिंगशर या अगदी तळाच्या स्कॉटिश क्लबातून झाली. तिथून सेंट मिरेन, मग ॲबरडीन. १९८३मध्ये ॲबरडीनने युरोपियन कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला हरवलं. नोव्हेंबर १९८६मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला आला आणि पहिला चषक हाती लागला मे १९९०मध्ये. मधली साडेतीन वर्षं रिकामी गेली. त्या काळात त्याला नारळ दिला असता, तर आज आपण त्याचंही नाव "बारक्या क्लबात बरा होता" याच यादीत घेतलं असतं. माणूस तोच असता. फरक पडला तो वरच्यांनी वाट पाहिली म्हणून.

मी पोरांना विचारलं, "खालिद जमील माहितीये?"

"इंडियाचा कोच ना?" एकाने सांगितलं. बाकीचे चहा पीत राहिले. इराओलाच्या आयुष्याचा पट मांडणाऱ्या टपरीवर खालिदबद्दल एवढंच.

आणि या वादाचं खरं उत्तर शिरूरपासून दोनेकशे किलोमीटरवर पडलंय. मुंबईच्या कूपरेज मैदानावर मुंबई एफसी नावाचा क्लब खेळायचा. पैसा बेताचा, नाववाले खेळाडू कमी, प्रेक्षकही मोजकेच. खालिदने २००९पासून सात मोसम हा क्लब आय-लीग या देशाच्या तेव्हाच्या लीगमध्ये टिकवून धरला. टिकवणं या कामाला आपल्याकडे टाळ्या मिळत नाहीत. दुष्काळात गोठा रिकामा होऊ न देणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस मिळत नाही, तसंच हे. २०१६मध्ये तो तिथून बाहेर पडला.

गेला तो थेट मिझोरामला, ऐजॉल एफसीकडे. हा क्लब आधीच्याच मोसमात लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली, जागा रिकामी झाली, म्हणून ऐजॉलला परत घेतलं. खालिदने मुंबईहून जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे आपले दोन गडी बरोबर नेले. ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी झाली आणि ऐजॉल भारताचा विजेता झाला. ऐजॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्येतल्या क्लबाने देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. आणि त्याच मोसमात मुंबई एफसी सगळ्यांत शेवटी राहिला. या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचा. मला त्यावर वेगळं भाष्य करायची गरज वाटत नाही.

पुढचा भाग जास्त बोचतो. भारताचा विजेता झालेल्या ऐजॉलला वर जायला जिनाच नव्हता. आय-लीगच्या जोडीला चाललेल्या, पैसेवाल्या इंडियन सुपर लीगमध्ये त्या वर्षी दोन नवे संघ घेतले, ते निविदा काढून. आय-लीगच्या विजेत्याला तिथं वर घ्यायची पद्धत प्रत्यक्षात यायला २०२३ उजाडलं. क्लबच वर जाऊ शकत नाही, तर प्रशिक्षक कसा जाणार? खालिद ईस्ट बंगालला गेला. २००४नंतर लीगच्या विजेतेपदासाठी तहानलेला तो क्लब. चौथा नंबर आला आणि एका मोसमात वाटा वेगळ्या झाल्या. मग मोहन बागान, तिथं जेमतेम काही महिने. फर्ग्युसनला साडेतीन वर्षं, आमच्या माणसाला एक पावसाळा.

सुपर लीग २०१४ला सुरू झाली. एका भारतीय प्रशिक्षकाला कायमचा मुख्य प्रशिक्षक नेमायला तिला २०२१ साल लागलं. तो प्रशिक्षक खालिदच, आणि तीही संधी मिळाली कशी, तर नॉर्थईस्ट युनायटेडने मोसमाच्या मध्यावर परदेशी प्रशिक्षकाला काढलं आणि उरलेल्या सामन्यांपुरतं याच्या हाती दिलं. याने लीगचे उरलेले सगळे सामने न हरता संघ उपांत्य फेरीत नेला, तेव्हा कुठे कागदावर नाव चढलं.

हे एकट्याचं दुखणं असतं तर मी नशीब म्हणून सोडून दिलं असतं. गोव्याच्या आर्मांदो कुलासो यांनी धेंपो क्लबाला पाच वेळा देशाची लीग जिंकून दिली. २०११मध्ये भारताचा संघ त्यांच्या हाती आला तो काही महिन्यांपुरता, काळजीवाहू म्हणून. क्लिफर्ड मिरांडाला ओडिशा एफसीने असंच तात्पुरतं नेमलं होतं. एप्रिल २०२३मध्ये त्याने बेंगळुरूला २-१ने हरवून सुपर कप आणला, क्लबाच्या इतिहासातला पहिला मोठा चषक. पुढच्या मोसमाला ओडिशाने स्पॅनिश प्रशिक्षक नेमला. तो प्रशिक्षक उत्तम आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण चषक आणणाऱ्याला खुर्ची मिळत नसेल, तर आणखी काय आणून दाखवायचं त्याने?

दौंडच्या स्टेशनाबाहेर मी हे एका निवृत्त रेल्वेवाल्या काकांना सांगत होतो. त्यांनी उभा जन्म यार्डात काढला. म्हणाले, "गाडीचं इंजिन फेल झालं ना, की शंटिंगचं इंजिन जोडायचं. ते गाडी ओढून लाइन मोकळी करतं. मेन इंजिन आलं की ह्याला काढून परत यार्डात. टाइमटेबलात त्याचं नाव कधीच नसतं." भारतीय प्रशिक्षकाची आपण गेली कित्येक वर्षं हीच गत केली आहे.

१ ऑगस्ट २०२५ला खालिद भारताचा प्रशिक्षक झाला. तेरा वर्षांनी त्या जागेवर भारतीय माणूस बसला. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतल्या पहिल्या दोन सामन्यांत भारताच्या खात्यात एकच गुण होता, म्हणजे घर आधीच गळत होतं. पहिल्याच स्पर्धेच्या शिबिराला मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. तरी त्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून भारत तिसरा आला. मग ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हार झाली आणि आशियाई चषकाचं दार बंद झालं. त्या रात्री टपरीवर काय ऐकू आलं असेल, ते वाचकांनी ओळखलंच असेल. झेपलं नाही. मी त्याला हरलेल्या सामन्यातून सोडवायला बसलेलो नाही. हार त्याच्या नावावर आहे, तिथंच राहू दे. पण हाच माणूस दर वेळी दुसऱ्याची मोडलेली गाडी ओढायला जोडला गेला, एवढं तरी त्या नावापुढे लिहा.

आता आपल्या घराकडे या. शिरूर-दौंडच्या मुलाला सर्वांत जवळचं मोठं फुटबॉल पुण्याचं. पुणे एफसी २००७ला उभा राहिला. गोव्याच्या डेरिक परेरांच्या हाताखाली २०१२-१३ला आय-लीगमध्ये दुसरा आला, त्याची अकादमी देशात नावाजलेली होती. वरचा संघ २०१५च्या सुमारास बंद. भारत एफसी एक मोसम खेळला, बंद. डीएसके शिवाजीयन्स, बंद. एफसी पुणे सिटी २०१९ला बंद, आणि त्याची जागा हैदराबादला गेली. एकाच बालेवाडीच्या मैदानावर हे सगळे खेळले. म्हणजे दौंडच्या मुलाने वर पाहिलं, तर जिथं चार पायऱ्या होत्या तिथं आता भिंत आहे. मूल चांगलं खेळलं तर निदान चाचणीला दुसऱ्या राज्यात जाऊ शकतं. पोटापाण्याला बांधलेला प्रशिक्षक कुठे जाणार?

टपरीवर मी शेवटी पोरांना आणखी एक गोष्ट विचारली होती. तुम्हाला पहिल्यांदा बॉल कुणी शिकवला? दोघं मूळचे दौंडचे होते. दोघांनीही एकाच माणसाचं नाव घेतलं. मी म्हटलं, "मग त्यांना मोठा क्लब झेपेल का?"

दोघंही गप्प झाले. मग एकजण म्हणाला, "सरांना? सर कुठं जाणार? सर तर इथलेच."

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला मी दौंडला त्या सरांच्या मैदानावर गेलो. सर नोकरी सांभाळून शिकवतात. वीसेक पोरं, सहा बॉल, शंकूंऐवजी पाण्याच्या बाटल्या. अर्धा तास बॉलला पाय न लावता फक्त मोकळी जागा कशी शोधायची ते शिकवत होते. एक लहानगा सारखा चुकत होता. त्याला रागवायच्या ऐवजी सर स्वतः त्याच्या जागी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इथून काय दिसतंय ते सांग मला." फुटबॉलमध्ये मी एवढं शहाणं वाक्य फार कमी वेळा ऐकलं आहे.

सराव संपल्यावर त्यांनी सांगितलं, भारतीय फुटबॉल महासंघाचं प्रशिक्षकाचं डी लायसन्स झालंय, सी करायचंय. फी साठवून ठेवली आहे, सलग रजा मिळाली की जाणार. डी, सी, बी, ए आणि प्रो, लायसन्सच्या पायऱ्या व्यवस्थित आखलेल्या आहेत.

"सी झाल्यावर कुठे?" मी विचारलं.

ते बाटल्या गोळा करत होते. "पुण्यात एखादा क्लब परत उभा राहिला तर अर्ज टाकीन," म्हणाले. "तोवर ह्या पोरांची तालुक्याची मॅच आहे येत्या शनिवारी. तुम्ही या. आणि शिरूरची ती दोघं दिसली तर त्यांनाही घेऊन या, चांगली खेळायची."